हे काम कुणाचं? : इंदूरच्या नववी-दहावीला लोकशाही शिकवणाऱ्यांसाठी

इंदूरमधल्या नववीच्या कुठल्याही मुलाला लोकशाहीची व्याख्या विचारा. लोकांचं, लोकांनी, लोकांसाठी, असं एका दमात म्हणून तो खाली बसेल. मग विचारा, तुझ्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे, कुणाकडे जायचं? तो तुमच्याकडेच बघत राहील. फार तर म्हणेल, पंतप्रधानांना ट्वीट करू.

व्याख्या पाठ आहे, वाट ठाऊक नाही. तुम्ही शाळेत नुकतंच सामाजिक विज्ञान शिकवायला लागला असाल, किंवा बँकेतून निवृत्त होऊन मराठी मंडळात रविवारचे वर्ग घ्यायचं मनावर घेतलं असेल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. पाच-सहा तासांत तो आरामात बसतो.

पाठ्यपुस्तक वरून खाली येतं. आधी उद्देशिका, मग हक्क, संसद, राष्ट्रपती, आणि नगर निगमापर्यंत, म्हणजे महापालिकेपर्यंत, पोचेतो परीक्षा तोंडावर आलेली असते. आपण खालून वर जायचं. उद्देशिका वाचायचीच आहे, पण शेवटी. तोवर तिच्यातल्या शब्दांना मुलांच्या डोक्यात काही जागा झालेली असते.

पहिला तास : तीन रकाने

फळ्यावर तीन रकाने आखा: निगम, भोपाळ, दिल्ली. एकेक काम सांगा आणि ते कुठल्या रकान्यात टाकायचं हे मुलांना भांडू द्या. कचरागाडी, नळाला येणारं नर्मदेचं पाणी, घरातली वीज, गल्लीतला दिवा, पोलीस ठाणं, शेताचा खसरा (जमिनीची नोंद), रेल्वे स्टेशन, विमानतळ, शाळेचा अभ्यासक्रम.

कचरा सगळ्यांना येतो. स्वच्छतेत 2017 पासून देशात पहिला नंबर घेत आलेल्या शहरातली मुलं ही; ओलं-सुकं कुठल्या डब्यात टाकायचं हे त्यांना आईपेक्षा जास्त कळतं. म्हणून 74व्या घटनादुरुस्तीवर इथूनच या. ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि तिच्यामुळे राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. शहरांच्या संस्थांकडे सोपवता येतील अशा 18 कामांची ही यादी आहे. घनकचरा त्यात आहे, रस्त्यावरचे दिवेही आहेत. म्हणजे गल्लीतल्या दिव्यासाठी निगमात जायचं. घरातल्या विजेसाठी मात्र पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनी. तिचं मुख्यालय इंदूरमध्येच असलं, तरी मालकी राज्य सरकारची.

पोलिसांपाशी मुलं हमखास चुकतात. निगमात आयुक्त बसतात आणि डिसेंबर 2021 पासून शहराला पोलीस आयुक्तही मिळाले, त्यामुळे दोघे एकाच कचेरीतले असावेत असं त्यांना वाटतं. पोलीस हा राज्याचा विषय आहे. महापौरांना ठाणेदाराची बदली करता येत नाही. हे ऐकून वर्गात कुणीतरी ‘मग महापौर करतात तरी काय?’ असं म्हणतोच. हा प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा, तिसऱ्या तासाला लागेल.

अभ्यासक्रमाचं उत्तर तिरकं आहे. शिक्षण आधी राज्याकडे होतं. 1976 च्या 42व्या दुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. आता चौथा रकाना काढा आणि त्याला ‘सगळेच’ असं नाव द्या. त्यासाठी बीआरटीएससारखं, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गासारखं, उदाहरण दुसरं मिळणार नाही. पैसा केंद्राच्या योजनेतून, बस शहराच्या कंपनीची, मार्ग काढून टाकण्याची घोषणा राज्य सरकारची, प्रकरण उच्च न्यायालयात, आणि तोडण्याचं काम निगमाच्या वाट्याला. एकाच रस्त्यावर सरकारची झाडून सगळी अंगं दिसतात.

घरचा अभ्यास: प्रत्येकाने आपल्या वस्तीतली एक खरी अडचण शोधायची आणि ती योग्य दारी नेऊन ठेवायची. निगमाची असेल तर घरच्यांच्या फोनवरून ‘इंदौर 311’ ॲपवर, राज्याच्या खात्याची असेल तर 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर. तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून दर आठवड्याला तिचं काय झालं ते नोंदवायचं. काहींचं काम चार दिवसांत होतं. काहींची तक्रार काम न होताच ‘निकाली’ निघते, आणि शिकण्याच्या दृष्टीने ती जास्त कामाची. अशा मुलांकडून 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाचा मसुदा लिहून घ्या. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. सही घरातल्या मोठ्यांची चालेल. ‘काम का केलं नाही?’ असं विचारू नका म्हणावं. ‘तक्रार अमुक तारखेला कुठल्या आधारावर बंद केली, त्या नोंदीची प्रत द्या’ असं विचारा. कागद मागितला की कागद मिळतो.

दुसरा तास : चार नावं

प्रत्येकाने आपले चार लोकप्रतिनिधी शोधून आणायचे: पार्षद (म्हणजे नगरसेवक), महापौर, आमदार, खासदार. इंदूर निगमात 85 वॉर्ड आहेत आणि आपला वॉर्ड बऱ्याच घरांत कुणाला सांगता येत नाही. विधानसभेचं उलटं. आपण दोन नंबरमध्ये की चार नंबरमध्ये, हे पानवाल्यालाही पाठ. शहराचे पाच मतदारसंघ आकड्यांनीच ओळखले जातात, शिवाय राऊ. राज्यात विधानसभेच्या जागा 230, लोकसभेच्या 29.

वर्गात कुणी महूहून येत असेल तर तुमचं नशीब चांगलं. महू इंदूर जिल्ह्यात आहे, पण लोकसभेला ते धार मतदारसंघात जातं; कलेक्टर एका गावचे आणि खासदार दुसऱ्या. त्यात महूला लष्करी छावणी, म्हणजे तिथे छावणी परिषद आली आणि तिचा अध्यक्ष लष्करी अधिकारी. ज्या गावात बाबासाहेबांचा जन्म झाला, तिथल्या रहिवाशाला आपला कारभार कोण बघतो हे सांगायला फळा पुरत नाही. सांवेर-देपालपूरकडच्या मुलांना ग्रामपंचायत आणि ग्रामसभा समजावून सांगायला लावा. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार स्वतःच सभासद असतो, ही सोय शहरातल्या मुलांना नाही, आणि ते त्यांना गावच्या मुलाकडूनच ऐकू द्या.

एक गोष्ट जाता जाता: निगमाची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभेची भारत निवडणूक आयोग. परीक्षेत इथे गुण जातात.

तिसरा तास : महापौर आणि मुख्यमंत्री

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तास हाच. संसदीय पद्धत आणि अध्यक्षीय पद्धत यांतला फरक सांगताना पुस्तकं अमेरिकेला जातात. इंदूरच्या मुलाला इतक्या लांब जायची गरज नाही.

मध्य प्रदेशात महापौर थेट लोक निवडतात. जुलै 2022 मध्ये घरच्यांनी दोन मतं दिली होती, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी. महाराष्ट्रात तसं नाही. पुण्याच्या मामाला विचारा, तिथे महापौर नगरसेवक निवडतात. मुख्यमंत्री आणि पंतप्रधान पुण्याच्या महापौरांसारखे: निवडून आलेल्यांच्या बहुमतावर बसलेले, बहुमत गेलं की पायउतार. इंदूरचे महापौर वेगळ्या जातकुळीचे. पार्षदांच्या परिषदेत बहुमत दुसऱ्या पक्षाचं असलं तरी ते खुर्चीवर राहू शकतात. कुठली पद्धत बरी, यावर वर्गाचे दोन तट पाडा. आपल्या राज्याचंही यावर एकमत टिकलेलं नाही. 2019 मध्ये कायदा बदलून महापौराची निवड पार्षदांकडे दिली होती. त्या पद्धतीने निवडणूक होण्याआधीच कायदा पुन्हा फिरला.

इथे मुलं विचारतात, थेट निवडलेला महापौर बिघडला तर? मग त्यांना खुर्चीची गंमत सांगा. आपल्या राज्याच्या कायद्यात तीन चतुर्थांश पार्षदांनी मागणी केली तर लोकांचं पुन्हा मतदान घेण्याची सोय आहे. चिन्हं दोनच: भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. राज्यातल्या छोट्या गावांत अशी मतदानं झालेली आहेत आणि अध्यक्ष घरीही गेले आहेत.

आता बहुमताचं गणित. व्याख्या नको, मार्च 2020 फळ्यावर मांडा. विधानसभेच्या जागा 230. दोन आमदारांच्या निधनाने दोन जागा रिकाम्या. काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले. सभागृहात उरले किती? 206. बहुमताला लागणार किती? 104. काँग्रेसकडे 114 होते, त्यातले 22 वजा केले की 92. भाजपकडे 107. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि 20 मार्चला, मतदान होण्याआधीच, काँग्रेसचे मुख्यमंत्री कमलनाथांनी राजीनामा दिला. या गणितात सरकार का पडलं हे मुलं स्वतः शोधतात, तुम्ही खडू घेऊन बाजूला उभं राहायचं.

मग हमखास येणारा प्रश्न: पक्ष सोडला तर आमदारकी जात नाही का? 1985 ची 52वी दुरुस्ती आणि दहावी अनुसूची इथे सांगा. पक्ष सोडून सभागृहात बसून राहिलात तर अपात्र ठरता. राजीनामा दिलात तर जागा रिकामी होते आणि लोकांकडे परत जावं लागतं. सांवेरचे तुलसी सिलावट त्या 22 जणांत होते. नोव्हेंबर 2020 च्या पोटनिवडणुकीत दुसऱ्या पक्षाकडून उभे राहून ते सांवेरमधूनच पुन्हा निवडून आले. हे बरोबर झालं की चूक, याचं उत्तर तुम्ही देऊ नका. ‘गद्दारी’ किंवा ‘घरवापसी’ हे शब्द त्या तासाला वर्गाबाहेर ठेवा. तारखा आणि आकडे तेवढे आत येऊ द्या. वर्गात दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांची मुलं असतात आणि संध्याकाळी घरी काय सांगितलं जातं हे तुमच्या हातात नाही. म्हणून विषयच टाळायचा, हा मात्र भित्रेपणा झाला.

चौथा तास : जो प्रश्न टाळू नये

निगमाच्या आधीच्या परिषदेची मुदत 2020 च्या सुरुवातीला संपली. पुढची निवडणूक झाली जुलै 2022 मध्ये. मधली दोन वर्षं आणि वर काही महिने निगमात निवडून आलेलं कुणीही नव्हतं. विभागीय आयुक्त प्रशासक होते. कोविड होता, मागासवर्गीय आरक्षणाचा वाद होता, कोर्टाच्या तारखा होत्या. परिषदेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्याआधी निवडणूक, असं राज्यघटना सांगते. शेवटी मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणूक जाहीर करा असं बजावलं, तेव्हा गाडी हलली.

आणि या सगळ्या काळात शहराचा पहिला नंबर कायम होता.

हे सांगितलंत की हुशार मुलगी हात वर करते: मग पार्षद हवेतच कशाला? नवा शिक्षक इथे गडबडतो आणि ‘लोकशाही श्रेष्ठ आहे म्हणून’ असं काहीतरी बोलून मोकळा होतो. तसं करू नका. प्रश्न चांगला आहे आणि शहरातली निम्मी मोठी माणसंही मनातल्या मनात तोच विचारत असतात. उलट प्रश्न टाका. प्रशासकाने पाणीपट्टी वाढवली तर जाब कुणाला विचारणार? त्यांची बदली कोण करतं, आणि त्यात तुमच्या बाबांचं मत किती चालतं? तुमच्या वस्तीचं ड्रेनेज आणि शेजारच्या वस्तीचा बगीचा यांतलं एकच होणार असेल, तर त्या बैठकीत तुमच्या वस्तीच्या बाजूने भांडायला कोण बसलेलं असतं? आणि दुसरी बाजूही काढा: निवडून आलेले पार्षद तरी भांडतात का? मुलं आपापल्या वॉर्डाबद्दल जे सांगतील ते ऐकण्यासारखं असतं. शेवटी एखाद्याने ‘पार्षद नकोत’ असं लिहिलं आणि कारणं नीट दिली, तर त्याला पूर्ण गुण द्या.

मराठी घरांतल्या मुलांच्या बाबतीत याच्या मागोमाग अहिल्याबाई येतात. ‘मातोश्रींच्या राज्यात निवडणूक कुठे होती? तरी राज्य चांगलंच होतं ना?’ होतं. 1767 ते 1795 त्यांनी महेश्वरहून कारभार केला. न्याय, घाट, धर्मशाळा, सगळं मुलांना सांगू द्या, त्यांचा अभिमान मोडायचं काही कारण नाही. मग पुढचं पान उघडा. अहिल्याबाईंनंतर तुकोजीराव आले, 1797 मध्ये तेही गेले, आणि त्यांच्या मुलांमध्ये गादीवरून जे रण पेटलं त्यात माळव्याची रयत भरडली गेली. चांगला राज्यकर्ता मिळणं एक, आणि पुढचा कोण हे शांतपणे ठरवण्याची सोय असणं दुसरं. होळकर संस्थान 1948 मध्ये मध्य भारतात विलीन झालं आणि 1 नोव्हेंबर 1956 ला आजचं मध्य प्रदेश झालं. त्यानंतर या शहरात सत्तेचे बदल किती झाले आणि त्यांतला एकही तलवारीने झाला का, हे आजोबांना विचारून यायला सांगा.

पाचवा तास : वर्गाची परिषद

युवा संसद शाळाशाळांत होते. भोपाळचं कुंजीलाल दुबे राष्ट्रीय संसदीय विद्यापीठ आपल्या राज्यात तिच्या स्पर्धाही घेतं. स्पर्धेला जरूर जा, पण शिकवण्यासाठी ती पुरत नाही. तिची वक्तृत्व स्पर्धा होते. दहा मुलं पाठ केलेलं बोलतात, तीस जांभया देतात, आणि ठराव मंजूर होणार हे आधीच ठरलेलं असतं.

त्यापेक्षा निगमाच्या परिषदेची बैठक भरवा आणि विषय एकच ठेवा, बजेट. तिजोरीत 100 रुपये धरा. प्रत्येक पार्षदाला घडी घातलेली चिठ्ठी द्या: तुझ्या वॉर्डात ड्रेनेज फुटलंय, तुझ्या बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, तुझ्याकडे बगीच्याला आश्वासन दिलेलं आहे. मागण्यांची बेरीज 180 च्या आसपास ठेवा. शंभरात बसली तर खेळ संपला. एकजण आयुक्त, तो निवडून आलेला नाही, त्याला मत नाही, पण खर्चाचे आकडे आणि नियम त्याच्याकडेच. एक महापौर, त्याने पार्षदांमधून आपल्या ‘महापौर परिषदे’चे, म्हणजे कारभार बघणाऱ्या छोट्या मंडळाचे, सदस्य निवडायचे. मागच्या बाकांवर नागरिक आणि दोन पत्रकार. कर वाढवून 20 रुपये जास्त आणायची मुभा ठेवा आणि नागरिकांना तेव्हा काय ते बोलू द्या.

वॉर्ड वाटताना सोडत काढा. आपल्या राज्यात निगमाच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. ज्या वॉर्डासाठी एखाद्या मुलाने आठवडाभर तयारी केली, तो नेमका महिला राखीव निघाला की त्याचा चेहरा बघा. खऱ्या सोडतीनंतर असेच चेहरे पेपरात छापून येतात. मग तो मुलगा त्या मुलीच्या मागे बसून तिला काय बोलायचं ते सांगू लागतो. ताबडतोब थांबवा. बायकोच्या नावाने कारभार करणाऱ्या ‘पार्षद पती’चा धडा वेगळा घ्यावा लागत नाही, तो असा आपोआप येतो.

सभापती म्हणून वर्गातली सगळ्यात बोलकी मुलगी बसवा आणि तिला नियम सांगा: चर्चेत बाजू घ्यायची नाही, आणि मत द्यायचं ते फक्त समसमान झाल्यावर. लोकसभेच्या अध्यक्षांना हाच नियम आहे. इंदूरच्या घरांत हे सांगायला सोपं जातं, कारण आठ वेळा इथून खासदार झालेल्या सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. आजीने त्यांना टीव्हीवर ‘बैठ जाइए’ म्हणताना पाहिलेलं असतं.

मतदान झाल्यावर हरलेल्या बाजूने पाच ओळींचं भिन्नमत लिहायचं आणि ते इतिवृत्ताला जोडायचं. हे वगळू नका. जिंकणं सगळ्यांना जमतं. हरल्यावर बैठकीत बसून राहणं आणि पुढच्या बजेटची तयारी करणं शिकवावं लागतं.

राहिलेल्या गोष्टी

नोटा, म्हणजे मतदान यंत्रावरचं ‘यांपैकी कुणीही नाही’ हे बटण. 2024 च्या लोकसभेला काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि इंदूरमध्ये नोटाला 2,18,674 मतं पडली, विजयी उमेदवाराला 12,26,751. ‘नोटाला सगळ्यात जास्त मतं असती तर?’ असं मुलं विचारतील. लोकसभेला नोटामुळे निवडणूक रद्द होत नाही, उमेदवारांपैकी ज्याला जास्त मतं तोच निवडून येतो. नोटाची सोय 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आली. घरच्यांनी कुठलं बटण दाबलं हे मात्र मुलांना चुकूनही विचारू नका; मतदान गुप्त असतं हे शिकवायची पहिली जागा तुमचा वर्ग आहे.

सहल काढायची तर दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. आधी परवानगी घ्या, चार-पाचच मुलं न्या, आणि माणसं हातात कागद घेऊन किती वेळ उभी राहतात ते शांतपणे पाहू द्या. फोटो काढू देऊ नका, तिथे आलेल्यांची अडचण ही आपली सहल नाही. उच्च न्यायालयाचं खंडपीठ एमजी रोडवर आहे. मुख्य पीठ जबलपूरला, आणि इंदूर व ग्वाल्हेर ही दोन खंडपीठं, एवढं सांगितलं तरी पुरे.

अकरावीतल्या मुलांसाठी शेवटचं काम कागदाचं आहे. 17 वर्षं पूर्ण झाली की मतदार यादीत नावासाठी फॉर्म 6 आगाऊ भरता येतो. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख धरली जायची, आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबरही धरतात. त्या तारखेला 18 पूर्ण हवीत. म्हणजे 30 जूनला वाढदिवस असणारा 1 जुलैच्या यादीत बसतो आणि 2 जुलैवाली 1 ऑक्टोबरची वाट पाहते. सगळ्यांचे वाढदिवस फळ्यावर मांडा आणि कुणाची कुठली तारीख हे त्यांनाच काढू द्या. वयाचा आणि पत्त्याचा पुरावा घरून आणायला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना पत्त्याचा कागद शोधायला वेळ लागतो.